मुगाच्या गाठीत बसलंय कोण? एका खरिपाच्या प्रकल्प नोंदी

१२ जून

एम.एस्सी.च्या दोन मुलींना प्रकल्पासाठी 'सहजीवन' हा विषय हवा होता. मी म्हटलं, विषय चांगला आहे, पण यात प्रश्न कुठाय? चहा गार होईपर्यंत वाद झाला आणि प्रश्न सापडला.

शेतकरी पेरणीआधी मुगाच्या बियाण्याला रायझोबियम या जिवाणूचं पाकीट चोळतो. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम, गुळाच्या पाण्यात कालवून. मग बी सावलीत वाळवायचं आणि लगेच पेरायचं. पुढे मुळांवर गाठी येतात, त्या हवेतला नत्र पिकाला देतात आणि सगळे खूश होतात. पण त्या गाठीत बसलेला जिवाणू पाकिटातला, की त्या मातीत आधीपासून राहणारा? गाठ बाहेरून सारखीच दिसते.

माती तीन ठिकाणची घ्यायची. सासवडकडच्या एका शेतातली, जिथे मूग आणि सोयाबीन आलटून पालटून घेतात. पुण्यातल्या वेताळ टेकडीवरची, गिरिपुष्पाच्या झाडांखालची, तीही रीतसर परवानगी काढून. तिसरी म्हणजे माती नव्हेच, धुतलेलं आणि निर्जंतुक केलेलं कोकोपीट. त्यात मुगाचा एकही जिवाणू नसावा, अशी अपेक्षा. पाकीट बाजारातलंच आहे. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, कारण आमची शंका पाकिटाच्या दर्जाविषयी नाही.

१८ जून

पाकिटातला जिवाणू ओळखायचा कसा? डीएनए तपासायला पैसे लागतात, म्हणून जुना मार्ग धरला. पाकिटातल्या जिवाणूची दाट वाढ स्ट्रेप्टोमायसिन घातलेल्या प्लेटवर पसरायची. कोट्यवधींत एखाद्या पेशीत आपोआप असा बदल झालेला असतो की हे प्रतिजैविक तिला मारत नाही. तेवढीच वाढते. ती उचलायची, पुन्हा पुन्हा शुद्ध करायची. पुढे गाठ ठेचून त्याच प्रकारच्या प्लेटवर लावली आणि वाढ आली, तर आतला जिवाणू आपला.

एका मुलीने बरोबर अडवलं. "मॅडम, या बदलामुळे तो कमजोर झाला असेल तर? मग हरला तर दोष कुणाचा?" स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देणारे जिवाणू बऱ्याचदा रायबोसोमच्या एका प्रथिनात बदललेले असतात, आणि रायबोसोम म्हणजे पेशीचा प्रथिनांचा कारखाना. तेव्हा शंका रास्त आहे. मूळ स्ट्रेन, म्हणजे जिवाणूचा पाकिटातला वाण, आणि प्रतिजैविकाला दाद न देणारा, खूण केलेला स्ट्रेन शेकरवर शेजारी शेजारी वाढवून दोघांचा वेग मोजायचं ठरलं.

२६ जून

वेग जवळपास सारखा आला. पुढे जायला हरकत नाही.

प्लेटा यीस्ट एक्स्ट्रॅक्ट मॅनिटॉल आगरच्या, त्यात काँगो रेड. रायझोबियम हा रंग सहसा पीत नाही, त्यामुळे लाल पार्श्वभूमीवर पांढरट, चिकट, थेंबासारख्या कॉलन्या दिसतात. प्लेट उजेडात राहिली की रायझोबियमही रंग पिऊ लागतो, म्हणून सगळ्या प्लेटा काळ्या कागदात गुंडाळून इनक्युबेटरमध्ये. आमच्या लॅबच्या मामांनी त्यावर खडूने 'उघडू नये' असं लिहून टाकलं. आता त्या प्लेटांकडे कुणी फिरकतही नाही.

मुगाचा जिवाणू बहुतेक वेळा ब्रॅडिरायझोबियम गटातला निघतो आणि तो संथ. आठवडा झाला तरी कॉलनी मोहरीच्या दाण्याएवढीही नसते. ई. कोलायची सवय झालेल्या मुलींना हे छळ वाटतं.

२ जुलै

पेरणी झाली. प्रत्येक मातीत दोन गट, खूण केलेला स्ट्रेन चोळलेलं बी आणि नुसतं बी. कुंड्या गच्चीवर, वर प्लॅस्टिकचं छत. पावसाचा एक शिंतोडा शेजारच्या कुंडीत उडाला तरी जिवाणू इकडचा तिकडे जातो.

पोरींना सांगितलं की ही गोष्ट अजून दीडशे वर्षांचीही जुनी नाही. शेंगावर्गीय पिकं जमीन सुधारतात हे शेतकऱ्याला पिढ्यान्पिढ्या ठाऊक होतं, पण नत्र येतो तो गाठींतल्या जिवाणूंमुळे, हे हेलरीगेल आणि विलफार्थ यांनी १८८६ मध्ये दाखवलं. बायरिंकने तो जिवाणू १८८८ मध्ये वेगळा काढला. त्याआधी मुळांवरच्या गाठी म्हणजे रोग, असंही काहींना वाटायचं. मला विचाराल तर तेही अगदीच चूक नव्हतं. मूळ आपल्या पेशींत एक परका जिवाणू घेतं, तो तिथे वाढतो, झाडाची साखर खातो. नत्र दिला तर त्याला सहजीवन म्हणायचं, नाही दिला तर रोग. दार एकच आहे.

१७ जुलै

पहिल्या गाठी. जादाचं एक रोप उपटून बादलीत हलक्या हाताने धुतलं. माती सुटत गेली तसतशा तंतुमुळांवर मोहरीएवढ्या गोल गोळ्या दिसू लागल्या, मुख्य मुळाच्या वरच्या भागात दाट, खाली विरळ. मोठ्यातली एक ब्लेडने मधोमध कापली. बाहेरून मातकट, आत कच्च्या मांसासारखा गुलाबी रंग. ब्लेडच्या पात्यालाही लागला.

हा रंग लेगहिमोग्लोबिनचा. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं भावंडच. नत्र स्थिर करणारं एन्झाइम, नायट्रोजिनेज, प्राणवायू लागला की निकामी होतं. पण जिवाणूला जगायला प्राणवायू तर हवाच. म्हणून झाड गाठीत हे प्रथिन भरतं. ते प्राणवायू धरून ठेवतं आणि मोजून मोजून सोडतं. नत्राचा एक रेणू फोडायला एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचे, किमान १६ रेणू लागतात, आणि ते सगळे झाडाने पुरवलेल्या साखरेतून येतात. मुगाला हे नत्र फुकट पडत नाही.

शेजारची एक बारीक गाठ कापली, ती आत पांढरी. कोवळी असेल म्हणून सोडून दिली. तरी वहीत नोंद केली.

२१ जुलै

सासवडला मातीचे आणखी नमुने आणायला गेलो. शेत एका मुलीच्या चुलत्यांचं. त्यांनी कडेची चार रोपं उपटून दाखवली. "म्याडम, वरच्या वावरात गाठी दिसत्यात, खालच्यात नावाला बी न्हाईत. पाकीट तर दोन्हीकडं सारखंच लावलंय." खालच्या वावराला गेल्या साली कांदा होता आणि कांद्याला युरिया भरपूर पडला होता. मातीत नत्र आयता मिळत असेल तर झाड गाठी करतच नाही. साखर कशाला घालवायची? "म्हंजी झाड आपल्यापेक्षा शानं," म्हणाले आणि हसले.

परतताना बसमध्ये मुलींना पुढचा भाग सांगितला. अमेरिकेत मिशिगनमधल्या केलॉग बायॉलॉजिकल स्टेशनवर काही प्लॉटना २२ वर्षं नत्रखत घातलं होतं. तिथले क्लोव्हर या शेंगावर्गीय चाऱ्याचे रायझोबियम आणि खत न घातलेल्या प्लॉटमधले रायझोबियम वेगळे काढून क्लोव्हरलाच लावून पाहिले. २०१५ मध्ये निष्कर्ष आला: खताच्या प्लॉटमधले जिवाणू झाडाला कमी उपयोगाचे झाले होते. झाड जिवाणूवर अवलंबून राहिलं नाही, चांगल्या जिवाणूला वेगळं बक्षीस मिळेना, आणि हळूहळू कामचुकार वरचढ झाले. युरियाचा पीक आणि पाण्यावरचा परिणाम सगळे बोलतात. मातीतल्या जिवाणूंच्या उत्क्रांतीची दिशाही त्याने बदलते, हे मला जास्त अस्वस्थ करतं.

२८ जुलै

मुगावर काळा मावा आला. कोवळ्या शेंड्यांवर नुसती खच्चून गर्दी, मुंग्यांची ये-जा. काहीही फवारायचं नाही, म्हणून ओल्या ब्रशने एकेक शेंडा पुसत बसलो. वैतागवाणं काम.

पण मावा आयताच समोर आला होता, म्हणून एक किडा स्लाइडवर घेऊन चिरडला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. माव्याच्या अंगात खास पेशी असतात आणि त्यांत बुक्नेरा नावाचे जिवाणू ठासून भरलेले असतात. माव्याचं अन्न म्हणजे झाडाचा रस. त्यात साखर रग्गड, पण अत्यावश्यक अमिनो आम्लांचा तुटवडा. ती आम्लं बुक्नेरा तयार करून देतो. तो मातीतून येत नाही. आईकडून पिल्लाला मिळतो, पिढ्यान्पिढ्या, कोट्यवधी वर्षं.

आमच्या प्रकल्पाच्या दृष्टीने हीच तुलना महत्त्वाची. बुक्नेराचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, २००० मध्ये वाचला गेला. साधारण ६ लाख ४० हजार बेस जोड्या, म्हणजे ई. कोलायच्या सातव्या हिश्शाच्या आसपास. बाहेर जगायला लागणारी जनुकं गळून गेली आहेत. मावा मेला तर बुक्नेराही मेला, त्यामुळे फसवून जाणार कुठे? याउलट सोयाबीनच्या ब्रॅडिरायझोबियमचा जीनोम ९० लाखांच्या वर. त्याला गाठीबाहेरही आयुष्य आहे: माती, ऊन, दुष्काळ, इतर जिवाणूंशी मारामारी. मुगाच्या बीमध्ये तो जात नाही. प्रत्येक रोप कोरं उगवतं आणि मातीतल्या अनोळखी जिवाणूंतून जोडीदार निवडतं. म्हणूनच लबाडीचा प्रश्न मुगाला पडतो, माव्याला तितका नाही.

२ ऑगस्ट

मग मूग फसत कसा नाही? झाड जिवाणूला दारातच ओळखतं, पण ती ओळख अर्धवट. मूळ फ्लॅव्होनॉइड नावाची रसायनं सोडतं, जिवाणू त्याला उत्तर म्हणून नॉड फॅक्टर हा रासायनिक निरोप सोडतो, ती खूण पटली की केशमूळ वळतं आणि जिवाणू आत शिरतो. या संवादात 'मी नत्र देईन' असं कुठेच येत नाही. खूण देणारी जनुकं आणि नत्र देणारी जनुकं वेगळी.

झाड हिशेब घेतं ते नंतर. २००३ मध्ये टोबी कीर्स आणि सहकाऱ्यांनी सोयाबीनच्या गाठींभोवतीची हवा बदलली. नत्र जवळजवळ काढून त्याजागी आर्गॉन भरला, प्राणवायू तेवढाच ठेवला. आता जिवाणूची इच्छा असली तरी त्याला नत्र देणं शक्य नव्हतं. त्या गाठींतल्या जिवाणूंची वाढ शेजारच्या गाठींच्या मानाने निम्म्यावर आली. झाडाने त्या गाठींचा प्राणवायू आवळला असावा, असं मोजमापावरून दिसलं. पुण्यातल्या जुन्या वाड्याच्या मालकाला भाडेकरू काढता येत नाही, पण नळ बंद करता येतो, तसंच हे.

मुलींपैकी एकीला हे पटलं नाही. एका गाठीत दोन स्ट्रेन असले तर झाड एकालाच शिक्षा कशी करणार? चांगला प्रश्न. मिश्र गाठीत कामचुकार चांगल्याच्या आडोशाला बसू शकतो. आमच्या प्लेटवर एकाच गाठीतून दोन प्रकारच्या कॉलन्या निघतात का, हेही आता बघायचं.

६ ऑगस्ट

फुलं आली, मोठी काढणी. गाठी तोडायच्या, अल्कोहोलमध्ये काही सेकंद, मग हायपोक्लोराइट, मग निर्जंतुक पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायच्या. शेवटचं धुतलेलं पाणीही प्लेटवर लावायचं. त्यात काही वाढलं तर ती गाठ बाद, कारण वाढ आतून आली की सालीवरून हे सांगता येणार नाही. मग पाण्याच्या थेंबात काचेच्या कांडीने गाठ ठेचायची. गुलाबीसर दूध निघतं. ते दोन प्लेटांवर: एक साधी, एक स्ट्रेप्टोमायसिनची.

अंधार पडेपर्यंत काम चाललं. मामा दोनदा डोकावून गेले.

११ ऑगस्ट

प्लेटा भरायला वेळ आहे. मध्ये एक वेगळीच गोष्ट. कॉलेजच्या बागेतलं टोमॅटोचं झाड एका दिवसात माना टाकून बसलं, पानं हिरवीच. देठ कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरला. मिनिटाभरात कापल्या जागेतून दुधी धागा खाली उतरू लागला. जिवाणूजन्य मर, राल्स्टोनिया या जिवाणूची.

याच राल्स्टोनियाची एक गंमत. लाजाळू आपल्याकडे सगळीकडे असलं तरी मूळचं दक्षिण अमेरिकेकडचं, आणि त्याच्या गाठींत बरेचदा क्युप्रियाव्हिडस नावाचा, राल्स्टोनियाचा दूरचा भाऊबंद सापडतो. फ्रान्समधल्या एका गटाने क्युप्रियाव्हिडसचा गाठी करणारा प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचं एक सुटं कडं, राल्स्टोनियात घातला. आधी काहीच झालं नाही. मग तो पुन्हा पुन्हा लाजाळूच्या मुळांवर सोडत राहिले. शेवटी गाठी करणारे जिवाणू मिळाले. झाडाच्या पेशीत हानिकारक प्रथिनं टोचणारी राल्स्टोनियाची जी यंत्रणा, ती बिघडली तेव्हाच दार उघडलं. हे २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. नत्र मात्र त्या गाठींनी दिला नाही.

मरीचा जिवाणू आणि गाठीचा जिवाणू यांच्यात अंतर एवढंच? मुली गप्प झाल्या. आत शिरायला थोडे बदल पुरले, भाडं द्यायला पुरले नाहीत.

१९ ऑगस्ट

निकाल. कोकोपीटमध्ये खूण केलेला स्ट्रेन चोळलेलं बी पेरलं होतं, तिथल्या जवळपास सगळ्या गाठी आमच्या स्ट्रेनच्या. नुसत्या बीला गाठीच नाहीत, म्हणजे कंट्रोल चोख. टेकडीच्या मातीत निम्म्याच्या आसपास आमचा. सासवडच्या मातीत अगदी थोड्या गाठी आमच्या, बाकी स्थानिकांच्या.

नमुना लहान आहे, त्यामुळे टक्केवारी इथे लिहीत नाही. दिशा मात्र जगभर दिसलेलीच आहे. मातीत आधीपासून दाट वस्ती असली की बाहेरून घातलेला स्ट्रेन मागे पडतो. पाकिटातला स्ट्रेन निवडलेला असतो जास्त नत्र देण्यासाठी. मातीत टिकणं आणि मुळापर्यंत आधी पोचणं ही वेगळीच शर्यत. पाकीट चांगलं असूनही शेतात फरक न दिसण्याचं कारण बऱ्याचदा इथेच असतं, आणि मग शेतकरी पाकिटाला शिव्या घालतो.

सासवडची रोपं हिरवीगार होती, पाकीट लावलेली आणि न लावलेली सारखीच. म्हणजे तिथले स्थानिक काम करतायत. काकांना फोन करून सांगितलं. "मंग पैसं कशाला घालवू?" असं त्यांचं उत्तर. वरच्या वावरापुरतं मी हो म्हटलं. मूग-सोयाबीन कधीच न घेतलेल्या जमिनीत मात्र पाकीट लावा, असंही सांगितलं.

२४ ऑगस्ट

टेकडीवर परत. गिरिपुष्प हे मध्य अमेरिकेकडचं झाड, पुण्याच्या टेकड्यांवर वनखात्याने मोठ्या प्रमाणावर लावलेलं. त्याच्याखाली उगवलेलं एक छोटं रोप मुरमातून सावकाश सोडवलं तर मुळांवर गाठी, आणि आत गुलाबी. आता त्याला इथे जोडीदार कोण मिळाला?

एक शक्यता न्यूझीलंडच्या उदाहरणावरून सुचते. तिथे एका माळावर लोटस नावाचं चारापीक एकाच स्ट्रेनसह पेरलं होतं. सात वर्षांनी पाहिलं तर बहुतेक गाठींत वेगवेगळे, तिथलेच जिवाणू, पण सगळ्यांकडे गाठी करण्याची जनुकं त्या आणलेल्या स्ट्रेनची. सुमारे ५ लाख बेस जोड्यांचा एक तुकडाच एका जिवाणूतून दुसऱ्यात उडी मारत होता. १९९५ आणि १९९८ चे हे शोधनिबंध मी दरवर्षी शिकवते. आपण पाकिटातून 'स्ट्रेन' विकतो, पण मातीत टिकतो तो कदाचित त्यातला जनुकांचा तुकडाच.

३० ऑगस्ट

सासवडच्या मातीतून काढलेले स्थानिक स्ट्रेन एकेक करून निर्जंतुक लिओनार्ड बरण्यांतल्या मुगाला लावले होते. वर वाळू, खाली नत्राशिवायचं द्रावण, मधे वात. बहुतेक बरण्या हिरव्या. एक बरणी पिवळी. मूळ काढून पाहिलं तर गाठी इतरांपेक्षा जास्त, पण बारीक आणि कापल्यावर पांढऱ्या. १७ जुलैच्या त्या पांढऱ्या गाठीची आठवण झाली.

हा स्ट्रेन शिरण्यात पटाईत आणि देण्यात शून्य. तरी सासवडच्या मातीत तो तगून आहे.

अशी फसगत फार पूर्वीपासून चालू असावी. २०१८ मध्ये दोन गटांनी अनेक वनस्पतींचे जीनोम ताडून पाहिले. गाठी करणाऱ्या वनस्पती ज्या चार गणांत येतात, त्यांत शेंगावर्गीयांबरोबर कोकणच्या किनाऱ्यावरच्या सुरूचा गण आहे, भोपळा-काकडीचा आहे, गुलाब-सफरचंदाचाही आहे. त्यांच्यातल्या कित्येक वंशांनी ही क्षमता मागाहून सोडून दिली, निरनिराळ्या वेळी, स्वतंत्रपणे. तो खर्च परवडला नसावा, असा माझा अंदाज. पाठ्यपुस्तकात सहजीवन म्हणजे दोघांचा फायदा, असं एक वाक्य असतं. मी यापुढे ते तसंच शिकवणार नाही.

४ सप्टेंबर

पुढचा टप्पा. मुगाच्या रोपाचं मूलाग्र खुडायचं, फुटलेली बाजूची मुळं दोन बाटल्यांत विभागायची. डाव्या बाटलीत पिवळ्या बरणीतला स्ट्रेन, उजवीकडे हिरवीतला एक. झाड एकच, साखर एकच, दोन्हीकडच्या गाठींचं वजन आणि त्यांतल्या जिवाणूंची संख्या फुलोऱ्यात मोजायची. काही रोपांत बाटल्यांची अदलाबदल, म्हणजे उजव्या-डाव्याचा फरक आड येणार नाही. मिश्र गाठीची शंका काढणाऱ्या मुलीने तिसरा गट सुचवला: दोन्ही बाटल्यांत दोन्ही स्ट्रेन मिसळून. तो घेतला.

दोन्ही स्ट्रेन ग्लिसरॉलमध्ये घालून फ्रीझरमध्ये ठेवले. पुण्यातच एनसीएमआरसारखं जिवाणू जतन केंद्र आहे, काम नीट झालं तर तिथे जमा करता येतील. गच्चीवर थंडी पडायच्या आत मूग फुलायला हवा, तेव्हा पेरणी याच आठवड्यात. मॅनिटॉल संपत आलाय, मागणी उद्या.